सर्वांत योग्य पुढची पायरी

एप्रिल. पारोळ्यात सकाळी सातलाच भिंत कोमट.
गच्चीवर आई बिबड्या थापतेय,
ओल्या धोतरावर, घाट्यात बोटांचे ठसे उमटवत,
आणि मी कठड्याच्या सावलीत पुस्तक मांडीवर घेऊन
माणसं सोडवतेय.

तीस वर्षांची बाई, ताप, अंगावर पुरळ.
पंचावन्नचा पुरुष, छातीत कळ, डावा हात जड.
कुणालाच नाव नाही, गाव नाही.
चार पर्यायांच्या खाटेवर आडवे पडून
सगळे बघत राहतात
मी कुठल्या खुराला हात लावते ते.

"मोठ्यानं वाच," आई म्हणते, "कान रिकामेच आहेत माझे."
मी वाचते, मराठीत करून.
एकतीस वर्षं एएनएम होती ती.
पुस्तकातल्या रोग्यांनाच उलट प्रश्न विचारते:
जेवला होता का? आणलं कुणी?
सोबतचा बाप्या शुद्धीवर होता का?
"आई, दिलंय तेवढ्यावरच उत्तर द्यायचं असतं."
"मग सोपंच आहे गं तुमचं," म्हणते,
आणि तीनपैकी दोनदा चुकते.
मला बरं वाटतं. खोटं कशाला सांगू.

मागच्या वर्षी माझा नंबर एकोणऐंशी हजारांत.
तेव्हापासून चुकांची वही घातलीय, लाल शाईची:
शेवटचं वाक्य आधी वाच.
वय म्हणजे इशारा.
पहिलं सुचलेलं उत्तर बदलू नकोस.
त्याच्याच खाली, दुसऱ्या दिवशीचं:
बदलायला हवं होतं.

ऊन कठडा ओलांडून पायाशी आलं तेव्हा
एकशे बारावा.
मुलगी, वय नऊ. रात्री जमिनीवर झोपलेली.
पहाटे चारला पोटात कळ, दोन उलट्या. ताप नाही.
अंगावर कुठेही खूण नाही.
आता पापण्या जड, गिळता येत नाही.
सर्वांत योग्य पुढची पायरी कोणती?
अ) पोटाची सोनोग्राफी
ब) आम्लपित्ताचं औषध देऊन घरी पाठवणं
क) पाठीतलं पाणी काढून तपासणं
ड) सापाची लस

ड. मण्यार.
दात इतके बारीक की खूण राहत नाही.
पाठ आहे मला. पान उलटायला मी बोट ओलंही केलं.

आईचा हात घाट्यात थांबलेला.
"पापण्यांचं कधी सांगितलं त्यांनी?"
"म्हणजे?"
"आधी नुसतं पोट सांगतात.
सिस्टरबाई, मन्ही पोरनं पोट दुखस, एवढंच म्हणाली माय.
पापण्या नंतर.
कंदील होता गं. मला वाटलं, पोर झोपेला आलीय."

मग बोटांचा घाटा खरवडत,
एखादा पर्याय निवडावा तशी म्हणाली: "ब."

गुलाबी बाटली, अर्धी भरलेली. झाकणानं मोजून दिलं होतं.
नाव सुगंधा. उखा ढोलवाल्याची नात.
एक्क्याण्णव साल, पोळ्याचा आदला दिवस,
नोकरीचं दुसरं वर्ष.

उपकेंद्रात लस नव्हतीच, मी म्हणाले.
नाल्याला पूर असणार, धुळ्याला पोचली नसतीच,
मी म्हणाले. तू डॉक्टर नव्हतीस,
हेही मीच म्हणाले.
"दिलंय तेवढ्यावर सांग," ती म्हणाली.

मी वही उघडली. उत्तर चुकलं नव्हतं,
तरी लाल शाईनं लिहिलं: पापण्या.
पुढे काय लिहावं ते सुचेना.
धोतरावर पहिल्या रांगेतल्या बिबड्या
कडेनं वळायला लागल्या होत्या.

आईनं हात धुतले, पदराला पुसले,
माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं
आणि अंगठ्यानं हलकेच वर करून
पाहिल्या एकेक पापणी.

"झोपत जा जरा," म्हणाली.
"हं. वाच पुढचा."