पालकसभा

तीन चिठ्ठ्या पाठवल्या, सुरमी आली नाही.
चौथ्या दिवशी मीच गेले भायखळ्याच्या पुलाखाली,
काखेत हजेरीपट, ओठांवर तयार वाक्य:
मुलगी वर्गात झोपते, लक्ष द्या जरा.

ती लिंबू-मिरची ओवत होती.
चोळीतून तिन्ही चिठ्ठ्या काढल्या, घडीही न मोडलेल्या.
"जपून ठेवल्यात बाई. वाचणारं कोणी गावलं नाही."

मग ओवता ओवताच म्हणाली,
गाडी येते रात्री दोनला. बोचकी उचलते.
लच्छीचे कान तिखट,
तीच आधी उठते, तीच भावाला उठवते.

वाक्य मी गिळलं.

आता लच्छी दहापर्यंत झोपते
फळ्यामागच्या चटईवर,
आणि पोरं बडबडगीत कुजबुजत म्हणतात.
माझ्या कपाटात, खडूच्या डब्याला टेकून,
दुधाच्या पिशवीत रबर लावलेला तिचा जन्मदाखला.
यंदा तो गाडीत गेला नाही.

शुक्रवारी सुरमी वर्गात येते, शनिवारचा माल घेऊन.
सात मिरच्या, एक लिंबू.
फळ्यावर मी डोळा काढून त्यावर फुली मारते:
हात लावायचा नाही.
सहावर अडलेल्या अफजलला ती सांगते,
"अजून एक रे. एकीवाचून माळ विकत नाही."
इतकं सरळ मला कधी शिकवता आलं नव्हतं.

परवा घरी निघताना लच्छीनं पदर धरला.
"बाई, तुमच्याकडं येते गाडी?"
नाही गं.
"मग नीट झोपा," म्हणाली.