वयाचा रकाना

सूरच्या इस्पितळात माझं टेबल तळमजल्यावर.
खिडकीतून बोटी बांधणाऱ्यांचे हातोडे ऐकू येतात.
काम रकान्यांचं : आईचं वय, गाव, बाळ कितवं.
महिनाअखेर आकडे मस्कतला जातात,
वर्षानं तिथून नकाशा येतो –
पंधरा ते एकोणीस वर्षांच्या आयांचा.
किनारा फिकट,
डोंगराकडे जावं तसा रंग दाट,
न ढवळलेल्या सरबतासारखा.

सिस्टर लिसम्मा म्हणाली, तुझा जिल्हा कुठल्या रंगात?
म्हटलं, आमच्याकडे ब्रश मोडला असता.
ती हसली नाही.
मग मीही नाही.

आमचं भोकरदन. माझ्या दाखल्यावर आईचं वय एकोणीस,
मामानं सांगितलेलं, डॉक्टरनं मान वर न करता लिहिलेलं.
कळा सुरू झाल्या तेव्हा ती ओट्यावर गजगे खेळत होती.
दवाखान्यात नर्सनं मूठ सोडवली
तर आत चारच निघाले.
पाचवा कुठं गेला, हे ती अजून विचारते.
माझं वजन किती भरलं, ते तिला आठवत नाही.

मंगळवारी वॉर्डात एक आली.
सोबत मालकिणीचा ड्रायव्हर, आणि पासपोर्ट.
पासपोर्टात सव्वीस.
लिसम्मा म्हणाली, ओरडली तेव्हा तोंडात पाहिलं,
अक्कलदाढेचा पत्ता नाही.
पण रकाना दात बघून भरत नाहीत.
तसं फक्त बैलांचं करतात, बाजारात.

सही घ्यायला वर गेले.
बाळ काचेच्या पेटीत,
आणि ही पलंगावर मांडी घालून
खजुराच्या बिया खेळत होती.
एक वर उडवायची,
ती खाली यायच्या आत चारी उचलायच्या.
तिच्या गावाचं नाव मला उच्चारता येईना,
डाव मात्र तोच.
तिनं बिया माझ्यापुढे सरकवल्या.
दुसऱ्याच फेरीला माझी सुटली,
पलंगाखाली गेली.
दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून ती हसली,
हसताना टाके दुखले म्हणून थांबली.

खाली आले. सव्वीस लिहिलं.
शुक्रवारी तिला विमानात बसवलं म्हणे.
बाळाचं मी विचारलं नाही,
माझ्याकडे त्याचा रकाना नव्हता.

या वर्षीच्या नकाशात
सूर आणखी फिकट आहे.
साहेबांनी ऑफिसात हलवा वाटला,
केशर घातलेला, वर काजू.
मी माझी बशी लिसम्माकडे सरकवली.
तिनं ती पुढे.