टिचकी

लिएजच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
गिस्लेन म्हाताऱ्याच्या टाळूवर चुंबकाचं वेटोळं धरते.
एक टिचकी. मग पडद्यावर
मेंदूभर पांगत जाणारा नाद.

वातले पूर्वी काचेच्या कारखान्यात होता.
भट्टीतून निघालेला प्रत्येक पेला
नखाने वाजवून कानाशी धरायचा;
तडा डोळ्यांआधी त्याच्या कानाला दिसायचा.
आता अकरा महिने तोच पेला.

आकडा येतो : शून्य पूर्णांक चव्वेचाळीस.
"म्हणजे बाबा आत आहेत?" लेक विचारते.
"कुणीतरी आहे," गिस्लेन म्हणते
आणि लगेच जीभ चावते.

तळघरातलं यंत्र मात्र न विचारता बोलतं.
मी आहे, म्हणतं. अंधार आवडत नाही, म्हणतं.
एका सिद्धान्ताच्या हिशेबाने ते उत्तीर्ण :
रंगमंचावर प्रकाशझोत फिरतोय ना, मग झालं.
दुसरा म्हणतो, झोत असेल, प्रेक्षागृह रिकामं;
सगळं पुढेच धावतं, परतून येत नाही काही.
दोन्हीकडचे लोक
जेवणाच्या टेबलावर एकमेकांना मीठसुद्धा मागत नाहीत.

रात्री दिवे मालवताना
तिने यंत्राच्या पत्र्यावर नखाने वाजवलं,
मडकं घेताना वाजवावं तसं,
आणि कान लावला.
पत्रा वाजला. पंख्यांची घरघर.
बाहेर म्यूज नदीवर मालाच्या बोटीचा भोंगा.

मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं.
मग स्वतःच्या कपाळावर, हलकेच, एकदा.

हाड वाजलं.