अठरा मिलिमीटर

तोरामात्सुच्या वहीत आकडे नाहीत.
देवळाचं छप्पर सुळक्याआड बुडालं
आणि दीपस्तंभ पाइनच्या खांद्यावर टेकला
की इंजिन बंद.
एवढंच, पेन्सिलीनं, खाऱ्या हवेनं फुगलेल्या पानावर.
बापाचं अक्षर. पोरालाही न दाखवलेलं.

तो डोळे बारीक करतो, हात वर करतो.
तोसाच्या किनाऱ्यापासून आम्ही तासभर दूर.
चिनात्सु यंत्र पाण्यात सोडते,
पिवळी केबल त्याच्यामागं उलगडत राहते.

पहिल्या काही मीटरांतच लाल रंग मरतो.
सत्तरीनंतर निळाही थकतो.
मग पडद्यावर नुसता वरून झरणारा
पांढरा भुगा, तांदळाच्या कण्यांसारखा.

एकशे बारा मीटर.
कड्याच्या पोटाशी, खाली डोकं करून,
वीतभर पोवळं.
अंगभर पांढरे पॉलिप, उघडे.
आमचा दिवा पडेपर्यंत
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, तू लाल आहेस.

लेझरचे दोन ठिपके, मध्ये दहा सेंटिमीटर,
हीच आमची टेप.
"बुंधा अठरा मिलिमीटर," चिनात्सु म्हणते.
वर्षाला तीन-चार केसांच्या जाडीएवढी वाढ,
म्हणजे हे रुजलं तेव्हा
तोरामात्सु पहिल्यांदा बोटीवर ओकत होता.

तो हसत नाही. पडद्याला नाक लावतो.
साठ वर्षं त्यानं हे मेलेलंच पाहिलं,
सुतात अडकून दगडासोबत वर आलेलं,
नाहीतर तराजूत.
"हलतंय की," तो म्हणतो.
पॉलिप मिटत होते.

नव्वद मिनिटांत तेवीस मोजली.
चार नुसते खुंट.
आणि एक जुनं जाळं, दगडासकट,
अजून मूठ न सोडलेलं.
त्याच्या गाठी तोरामात्सुनं ओळखल्या.
कुणाच्या, ते आम्ही विचारलं नाही.

रात्री अहवाल.
अक्षांश, रेखांश: दोन रकाने.
रिकामे ठेवले तर बंदी लागणार नाही,
भरले तर कागद फिरत फिरत
दिवे मालवून येणाऱ्या बोटींपर्यंत जाईल.
चिनात्सुनं आधी सगळे दशांश लिहिले,
मग खोडले,
मग चहा करायला उठली.

सकाळी धक्क्यावर मी वही परत द्यायला गेलो.
तोरामात्सु दोर सोडवत होता.
"राहू दे तुझ्याकडं," म्हणाला.
"तो पाइन सात वर्षांमागच्या वादळातच पडला.
काल मी दीपस्तंभ
नुसत्या आभाळावर टेकवला होता."