हेरिंगचे काटे

"तुमच्यामुळे माझी कुस्ती बुडाली,"
मी दार उघडल्या उघडल्या इसबेल फ्लेट म्हणाल्या.
एकाची मान दुसऱ्याच्या काखेत
आणि नेमके तेव्हाच पडदाभर काटे,
तिरके, दाट, हेरिंग सोलून पसरल्यासारखे.
मागून माझा आवाज:
"इथे वारा फार. तुमच्याकडे?"

स्ट्रॉमनेसमध्ये वारा फार असल्याचं
टीव्हीतून कळायची गरज कुणालाच नाही,
हे मी मान्य केलं.

बावीस वर्षं मी बोटींवर बिनतारी सांभाळली.
तेव्हा कुणाची तक्रार आली नाही.
समुद्राच्या घरी टीव्ही नसतो.

मग सुरू झाली शोधाशोध.
ट्रान्समीटर पत्र्याच्या डब्यात कोंडला.
फिल्टर बसवला, एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे.
अर्थिंगची सळई बटाट्यांच्या वाफ्यात ठोकली,
हातभर गेली आणि खडक लागला,
ऑर्कनीत लागतोच.
शंभर वॉटवरून दहावर आलो.
दहा वॉटमध्ये नॉर्वेला मी ऐकू जाईना,
फ्लेटबाईंना मात्र जात राहिलो.

शेवटी त्यांना एक वही दिली.
काटे दिसले की वेळ लिहा,
माझी लॉगबुक आहेच.
पंधरा दिवसांनी त्यांच्या मेणकापडावर
दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या.

त्यांचं अक्षर टपोरं, रेघ न सोडणारं:
"मंगळवार, सात दहा. काटे.
कुणाला तरी दमा आहे. तुम्ही कापूर सुचवलात."
माझ्याकडे: मंगळवार, सात आठ ते सात वीस,
आल्फ, लोफोटेन.
जुळलं.
"गुरुवार. काटे. दमा तसाच."
जुळलं.

"रविवार, साडेदहा. काटे नाहीत, पांढरे ठिपके.
टकटक. तुम्ही गप्प."

रविवारी मी कर्कवॉलला बहिणीकडे होतो.
अशा नऊ नोंदी निघाल्या,
सगळ्या रात्री दहानंतरच्या.
चोर सोडून संन्याशाला, असं म्हणणार होतो,
पण एकविसातल्या बारा चोऱ्या माझ्याच होत्या,
भगवं नेसायची सोय नव्हती.

रात्री ट्रान्झिस्टर हातात घेऊन त्यांच्या घरात फिरलो.
स्वयंपाकघरात काही नाही. जिन्यात खरखर वाढली.
वरच्या खोलीच्या दाराशी मी थांबलो,
त्या म्हणाल्या, "या, आता लाजायचं वय नाही."
पलंगावर विजेचं ब्लँकेट.
दोन बाजू, दोन बटणं,
दोन्ही चालू.
उजवीकडे ट्रान्झिस्टर शांत.
डावीकडे नेला तर ओरडायला लागला.

"डावीकडचं बिघडलंय," मी म्हणालो.
"थर्मोस्टॅट ठिणग्या टाकतो."
"ते विल्यमचं," त्या म्हणाल्या.
विल्यमला जाऊन चौथा हिवाळा.
हे बटण बंद ठेवलं तरी भागेल,
हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.
"दुरुस्त होतं का?" त्यांनी विचारलं.
मी म्हणालो, होतं.
एक कपॅसिटर जोडला, जुने संपर्क घासले,
दहा पेन्सचं काम.

माझ्या बारांचा छडा एप्रिलमध्ये लागला.
माझ्या तारेखाली त्यांची कपडे वाळवायची तार,
तिचा भिंतीतला आकडा गंजलेला.
गंज माझा आवाज घ्यायचा,
मोडतोड करून भलत्याच पट्टीत परत फेकायचा.
इतक्या महिन्यांत मी सगळं उघडून पाहिलं,
आणि रोज त्या आकड्याखालून वाकून जात होतो.
तारेचा ब्रश, थोडं ग्रीस,
नवा आकडा पितळेचा.

पडदा स्वच्छ झाला.
वही मी परत मागितली नाही.
जूनमध्ये ती माझ्या दाराच्या फटीतून आत आली,
शेवटच्या पानावर एवढंच:
"शनिवार, चार ते पाच. काटे नाहीत.
कुस्ती पूर्ण पाहिली.
आल्फचा दमा आता कसा आहे, काही कळत नाही."