खंदकाची डागडुजी

मे उजाडला की बर्फ धारेच्या पलीकडे सरकतो
आणि मी हातोडा, सुतळी, ओळंबा घेऊन निघतो.
सोबत अर्धा पाव, ड्रागित्साने दिलेली चीजची फोड
आणि गुडघ्याची पट्टी, ती तिच्यासमोर बांधायची नाही.
बीचच्या रानातून तीन तास चढ.
खाली सोचा, हिरवी,
काही घडलंच नाही अशी.

दर हिवाळा चार-सहा हात भिंत ढकलून देतो.
दर उन्हाळ्यात आम्ही ती उभी करतो.
शंभर वर्षांपूर्वी रचणारे म्हणाले असतील,
एवढी थंडी निभावली तरी पुष्कळ.

चुना नाही, सिमेंट नाही.
सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही,
फटीत चिपा ठोकायच्या, बास.
हात लावला की माणूस कळतो.
ह्या वळणावरचा गवंडी होता, नक्की.
कोपऱ्याचा दगड असा घाईत कुणाला बसत नाही.
पुढचे पंधरा हात कुणा कारकुनाचे,
किंवा रात्रीचे.

कुणाचा खंदक, असं लोक विचारतात.
हा एका बाजूचा,
साठ पावलांवर तो दुसऱ्या बाजूचा.
दगड एकाच कड्याचा.
माझा आजोबा तेव्हा गॅलिशियात होता,
तिथल्या कुणाच्या तरी कुरणात खड्डा खणत.

बाप बारा वर्षांचा असल्यापासून इथे लोखंड वेचायला यायचा.
पितळ वेगळं, शिसं वेगळं, व्यापारी शनिवारी यायचा.
बापाच्या उजव्या हाताला तीन बोटं होती,
आणि त्या तिनांनी तो पत्ते असे पिसायचा
की पाहुणे आपली पाची लपवायचे.
काटेरी तारेच्या सळया त्याने विकल्या नाहीत,
वेटोळ्या डोक्याच्या त्या.
आमच्या घेवड्याचे वेल अजून त्यांवरच चढतात.

तो इथून नेत राहिला, मी इथे लावत राहतो.
ह्या घराला डोंगर सुटत नाही, म्हणतात गावात.

अकराच्या सुमारास काठ्या टेकत पोरं येतात.
टोक अजून किती?
चाळीस मिनिटं. तुमच्या पायांना तीस.
एक मुलगी जंग्याला डोळा लावते.
समोरचा उतार, गाई, त्यांच्या घंटा,
चीजवाल्याच्या झोपडीचा धूर.
किती सुंदर दिसतं इथून, ती म्हणते.
मी काही बोललो नाही.
त्या देखाव्यासाठीच तर ते भोक ठेवलेलं.

यंदा तिसऱ्या दिवशी,
त्या कारकुनाच्या भागात, पडलेलं डबर उपसताना
भिंतीच्या पोटात चमचा सापडला.
लोखंडी, गंजून पापुद्रे सुटलेला,
दांड्याला दोरीसाठी भोक.
नियम असा की सापडलं ते खाली संग्रहालयात द्यायचं.
तिथे व्लास्ताकडे चमच्यांचे चार खण भरलेत,
प्रत्येकाला नंबर.

मी तो उलटसुलट करून पाहिला.
पडलेला नव्हता तो तिथे, ठोकलेला होता.
वरचा मोठा दगड डुगडुगत असणार,
हाताशी चीप नसणार,
अंधार, समोरून काय येत असेल ते,
आणि त्याने कमरेचा चमचा काढून
फटीत मारला.
जागा बरोबर निवडली होती.
कारकून म्हटलं त्याला, चुकलंच माझं.

थाळीतला दगड शोधून त्याच जागी ठेवला.
नाही, थाळीतला नव्हे, थरातला.
भूक लागली की जीभ अशी घसरते.
ठेवला, दाबून पाहिला, डुगडुगला.
मग चमचा सरकवला,
हातोड्याचे दोन हलके ठोके.
दगड गप्प.

व्लास्ताला सांगायचं नाही.

उतरताना गुडघा कुरकुरत होता
आणि डोक्यात एकच,
त्या रात्री तो सूप कशाने प्याला असेल.
कुणाचा मागून घेतला असेल?
तोंडच लावलं असेल डब्याला?

भिंत झाली का, ड्रागित्साने विचारलं.
म्हटलं, चार हात.
अजून बरीच आहे.