दुसरा ड्रायव्हर

जालिंदरची गाडी पिवळी आहे,
सांगलीच्या पेठेत हळदीच्या नव्या पोत्याचं तोंड सुटतं
तेव्हा दिसतो तो पिवळा.
तीस वर्षं कोइमतूरला दुसऱ्यांचं सोनं गाळून
त्यानं ती आणली, आणि लेंगऱ्याच्या वेशीत
पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट घासलं.
आम्ही चौघांनी फळ्या लावल्या.
एक म्हातारा सायकलवरून उतरला, वाकून बघत म्हणाला,
"एवढं पैसं घालून बुटकीच का घेतलीस?"

मला चावी मिळाली एका रविवारी, उजाडायच्या आत.
जतच्या वाटेला, पवनचक्क्यांच्या माळावर,
रस्ता सरळ होतो आणि कुत्रीही झोपलेली असतात.
बूड रस्त्यापासून वीतभर वर,
इंजिन पाठीशी, मानेवर कुणी गरम श्वास टाकावा तसं.
काटा कुठवर गेला ते सांगत नाही,
माझा मेहुणा पोलिसात आहे.
पण पवनचक्क्यांची पाती थांबल्यासारखी दिसली,
आणि पोटातलं काहीतरी
मागच्या मैलाच्या दगडापाशी राहून गेलं.
आठ सेकंद.
मग एक शेळी.

त्या जूनमध्ये आम्ही फ्रान्सला गेलो,
चोवीस तासांची शर्यत बघायला,
जालिंदर, मी, आणि मिरजेचा इलाही मिस्त्री,
ज्याच्या पिशवीत तीन किलो भडंग होतं
आणि कानात आमच्या दोघांपेक्षा जास्त अक्कल.
तो कुंपणाला टेकून डोळे मिटून उभा राहायचा.
"ही निळी. एक सिलिंडर मरतोय तिचा."
दोन तासांनी ती निळी ढकलत आत नेली.
इलाहीनं डोळे उघडलेसुद्धा नाहीत.

पहाटे चार. थंडी अशी की बोटं आपली वाटेनात.
वळणावर गाड्या दाबत येतात
आणि चाकांच्या आत थाळ्या लाल होतात,
लाल, मग नारिंगी, मग पुन्हा काळोख.
जालिंदर मुशीकडं बघावं तसा बघत होता.
"चांदी नाय वितळायची यात," तो म्हणाला,
"अजून शंभर अंश पायजेत."
त्याची तीस वर्षं त्या एका वाक्यात होती,
आणि मला त्याच्या भुवया दिसल्या,
भट्टीनं विरळ केलेल्या.

मग एक गाडी पिटमध्ये आली.
आतला उतरला, बाहेरचा बसला,
उतरलेल्यानंच त्याचे पट्टे आवळले,
शाळेला निघालेल्या पोराचे आवळावेत तसे,
आणि टायरांच्या चळतीवर जाऊन बसला.
हात थरथरत होते. कुणीतरी केळं दिलं.
दारावर तिघांची नावं होती, सारख्याच अक्षरांत.

अण्णा तासगावची द्राक्षं दिल्लीला न्यायचे,
दुसरा ड्रायव्हर म्हणून, एकोणीस हंगाम.
द्राक्ष थांबलं की घाम धरतं,
म्हणून चालत्या गाडीतच सीट बदलायचे.
एकाचा पाय एक्सलेटरवर, दुसरा मागून सरकत पुढं,
स्टेरिंग क्षणभर चौघा हातांचं,
मग दोघांचं.
ट्रकच्या कपाळावर मालकाच्या लेकींची नावं,
पेटीवर बागायतदाराचं.
अण्णांचं फक्त परवान्यावर,
आणि तिथंही आडनाव चुकलेलं.

फोन लावला. तिकडं साडेसात, म्हणजे चहा झालेला.
सगळं सांगितलं: गाडी थांबवतात, पट्टे बांधतात,
पंचवीस माणसं धावतात.
"थांबवत्यात?" अण्णांना तेवढंच ऐकू आलं.
बराच वेळ हसले, खोकला येईपर्यंत.
मग विचारलं, "जिंकलं कोण?"
"अजून बारा तास हायत, अण्णा."
"मग तू का जागा? झोप की.
दुसरा हाय न्हवं?"

मी मागं वळून पाहिलं.
इलाही कुंपणाशी उभ्या उभ्या घोरत होता.
जालिंदर भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून खात होता,
वळणावरची नजर न हलवता.
मी जाकीट अंथरलं.
"उठव मला सहाला," म्हटलं.
त्यानं मान हलवली.